कपाटातल्या चौदा व्हीलचेअर

हॉस्पिटलच्या तळघरात व्हीलचेअर सतत हरवायच्या आणि तिथे जीपीएस चालत नव्हतं. म्हणून इंजिनिअर मुलीने भिंतींवर रिसीव्हर बसवले आणि चौदा व्हीलचेअरना जागा कळवणारा एकेक टॅग चिकटवला. आठवड्याने चाचणी ठरली. ती पास झाली तरच तिची नोकरी पक्की होणार होती.

चाचणीच्या दिवशी पडद्यावर चौदाही ठिपके एकाच जागी दिसले, मोठ्या सिस्टरांच्या कपाटात.

"चौदा व्हीलचेअर एका कपाटात?" अधीक्षकांनी चष्मा काढला. "नुसती घडी घातलीय मॅडम, की इस्त्रीही केलीय?"

"सर, अर्ध्या मीटरच्या वर चूक होतच नाही," ती पुटपुटली आणि शिडीवर चढली. एकूण एक रिसीव्हर ठणठणीत होता.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. "अगं, उतर खाली, पडशील!" म्हणत त्यांनी कपाट उघडलं आणि स्टीलचा डबा बाहेर काढला. आत कापसात गुंडाळलेले चौदा टॅग होते.

"इतकी महागाची वस्तू," त्या अधीक्षकांना म्हणाल्या, "व्हीलचेअरला चिकटलेली राहिली असती, तर आज एक तरी सापडली असती का?"