तिसरं भविष्य

"यातलं तिसरं बरं दिसतंय. तेच घ्या," पालिकेचे मोठे साहेब म्हणाले. पडद्याचं कापड पसंत करावं तसा त्यांचा सूर होता.

भिंतीवर शहराची तीन भविष्यं झळकत होती. पहिल्यात उकाडा वाढत होता, धूर खालीच कोंडून राहत होता, आणि तीस वर्षांनी दवाखाने, बुडालेले रोजगार आणि अकाली गेलेली माणसं यांचा खर्च पालिकेची तिजोरी गिळून वर ढेकर देत होता. दुसऱ्यात तो निम्मा होता. तिसऱ्यात माणसं म्हातारी होऊन रीतसर मरत होती. तिसऱ्यासाठी भट्ट्या सुधाराव्या लागतील, जुने ट्रक बंद करावे लागतील, असं बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई समजावत होत्या. मोठ्या साहेबांना तेवढा वेळ नव्हता. पहिलं भविष्य छापून आलं असतं, तर नवा कारखाना आला नसता.

"हे सगळं कशावरून काढता?" त्यांनी विचारलं.

"आजच्या हवेवरून. तुमचं ते हवा मोजायचं यंत्र आहे ना, त्याच्या आकड्यावरून."

मोठ्या साहेबांनी हवा खात्याच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांना कचेरीत सगळे हवेचे साहेब म्हणत. मोठे साहेब बोलले काहीच नाहीत, पण हवेचे साहेब समजले. बढत्या घेत वर आलेल्या माणसाला एवढं समजतंच.

दुसऱ्या दिवशी यंत्र बाजारातून उचललं गेलं आणि कचेरीमागच्या बागेत आलं. फाटक गाड्यांना बंद झालं. टँकर सकाळ-संध्याकाळ झाडांना अंघोळ घालू लागला. आकडा असा काही सुधारला, की महिनाभरात शहर थेट तिसऱ्या भविष्यात जाऊन बसलं. धूर होता तिथेच होता.

हवेच्या साहेबांच्या आईला मात्र या भविष्याचा पत्ता नव्हता. तिची खिडकी चढाच्या रस्त्यावर होती. प्रत्येक ट्रक तिथेच गिअर बदलायचा आणि काळा लोट तिच्या उशीवर सोडून जायचा. ती "पाणी" म्हणून धाप टाकत थांबे. "दे" म्हणेपर्यंत मुलगा पेला घेऊन उभा असे.

"चांगल्या हवेत ठेवा यांना. इथे राहिल्या तर फार दिवस काढणार नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"आपल्या शहराची हवा आता उत्तम आहे, डॉक्टर. आकडा पाहिलात ना?" हवेच्या साहेबांच्या तोंडातून सवयीने निघून गेलं.

"मग त्यांना आकडा हुंगायला द्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शहरात चांगली हवा कुठे आहे, हे हवेच्या साहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी आईला बागेत नेलं आणि यंत्राखाली खुर्ची टाकून बसवलं. तासाभराने ती म्हणाली, "अरे, इथे किती बरं वाटतंय. घरी का नाही रे अशी हवा?" मध्ये कुठेही न थांबता. हवेच्या साहेबांचे डोळे भरून आले.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. हवेच्या साहेबांनी सख्ख्या आईला तिथे बसवलंय, म्हणजे नक्की काहीतरी असणार. लोक आपापल्या म्हाताऱ्यांना आणि खोकणाऱ्या पोरांना घेऊन आले, फाटकाशी गाड्या चालूच ठेवून जागेसाठी भांडू लागले. आकडा चढला. मोठ्या साहेबांचा फोन आला.

"यंत्राजवळ एकही माणूस दिसता कामा नये. माणसांमुळे हवा बिघडतेय!"

बाग रिकामी झाली. आई घरी आली. "मी कितीशी... जागा अडवत होते रे?" एवढंच तिने विचारलं, तेही दोन हप्त्यांत.

त्या दिवसांत हवेचे साहेब फाटकाशी उभे राहून टँकरकडे बघत असत. बागेत चिटपाखरू नव्हतं आणि पाण्याचे फवारे उडत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी डोकं चालवलं. या शहरात माणसांसाठी कुणी हवा सुधारत नव्हतं, यंत्रासाठी सुधारत होतं. आईला यंत्राकडे नेता येत नव्हतं. ठीक आहे.

'तांत्रिक कारणास्तव' यंत्र बागेतून निघालं आणि चढाच्या रस्त्यावर, आईच्या खिडकीसमोरच्या खांबावर चढलं.

आकडा भडकला. शहर पहिल्या भविष्यात कोसळलं, आणि पहिलंही अपुरं पडतंय, चौथं काढावं लागेल, असं तज्ज्ञ बाईंनी कळवलं. पालिकेची पाचावर धारण बसली. ट्रक गावाबाहेरच्या रस्त्याने वळवले गेले. कोपऱ्यावरच्या भट्टीला धूर गाळायची जाळी बसली. रस्ता रोज धुतला जाऊ लागला. यंत्र मुकाट्याने परत न्या, असा हुकूम आज येईल, उद्या येईल, म्हणून हवेचे साहेब जीव मुठीत धरून होते. तो काही येईना. आईने खिडकी उघडली. एके सकाळी ती खालच्या मजल्यावरच्या बाईशी खिडकीतूनच कडाकडा भांडली, लांबलचक वाक्यांत.

त्याच दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच हवेचे साहेब आत शिरले.

"तो खांब कुणाच्या खिडकीसमोर आहे?"

"माझ्या आईच्या, साहेब."

"वाटलंच मला. पहिल्या दिवशीच चौकशी केली होती मी." मोठे साहेब उठले. दार लावून घेतलं, कडी घातली. मग हवेच्या साहेबांच्या अगदी जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या गल्लीत कधी लावता? नात चार वर्षांची आहे हो. खेळता खेळता मध्येच खाली बसते."