नागलीची वाट

मेलेली माणसे परत येतात ही कथा भयातून जन्मली, असे विद्वान सांगतात.

सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर, बाळंतपणात गेलेली सून नवशी हडळ होऊन परतू नये, म्हणून सासूने स्मशानापासून उंबरठ्यापर्यंत नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे विखुरले. वाटेतला प्रत्येक दाणा वेचल्याखेरीज मृताला घर गाठता येत नाही, ही तेथील श्रद्धा.

सांजवेळी सासूचा मुलगा, नवशीचा नवरा लाडक्या, तीच वाट झाडताना दिसला.

"अरे येड्या, नवशी येल ना घरात!"

"येऊ दे, आये. दाणे वेचत बसली तं तिला उशीर होल. पोर कवाचं भुकेनं रडतंय."

म्हातारी पदर खोचून खाली बसली आणि केरसुणीतून निसटलेले दाणे वेचू लागली.