मृगाचा मासा

नांदेड स्टेशनच्या फलाटावर डॉक्टर सुदाम आईला शोधत होता, तेव्हा कलेक्टर कचेरीत लोक त्याची वाट पाहत होते. राज्यभर दम्याचा कार्यक्रम राबवायचा होता. त्याच्या आखणीसाठी मुंबईहून माणसं आली होती आणि मराठवाड्याचा भाग सुदामनं लिहिला होता. रोगी औषध मध्येच का सोडतात, या प्रश्नाखाली त्यानं दोनच शब्द लिहिले होते: अज्ञान, अंधश्रद्धा. आणि सकाळीच मुखेडहून शेजारच्या वहिदाबीचा फोन आला, की तुमची माय मासा गिळायला हैदराबादला निघाली, दम्याचा पंप घरी देवळीत ठेवून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मृग लागला की दमेकरी हैदराबादची वाट धरतात. तिथं औषध भरलेला जिवंत मासा घशात सोडतात आणि तो गिळला की दमा जातो, असा लोकांचा विश्वास. मुखेडचा दगडोबा दरसाल असा जथा घेऊन जायचा. स्वतःही दरसाल गिळायचा, आणि पुढच्या मृगाला धापा टाकत पुन्हा सगळ्यांच्या पुढं असायचा.

जथा नळाजवळ बसला होता. त्याची आई रुक्मिणबाई हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून बसली होती. श्वास पुरेनासा झाला की माणूस असा बसतो, हे सुदामला लांबूनच कळलं. वहिदाबी म्हणाली होती, आठवडाभर तिनं पंपाला हात लावला नव्हता. गाडी उमरी-धर्माबादच्या मध्ये असताना दम कोंडला, तर डब्यात कोण काय करणार होतं? सुदामला भीती वाटली. डॉक्टरला वाटते तशी नव्हे, लेकराला वाटते तशी.

वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलेला नवा पंप त्यानं पुढं केला. आईनं तोंड फिरवलं.

“दोन डगरींवर हात ठेवला की गुण येत न्हाई, डाक्टर,” दगडोबा म्हणाला.

सुदामनं आधी विनवलं. मासा खुशाल गिळ, पण पंप जवळ ठेव. मग तो रागावला. मग सगळं शास्त्र सांगितलं. मुंबईकरांना दाखवायला केलेली श्वासनळीची चित्रंसुद्धा मोबाइलवर दाखवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात तोच मोबाइल वाजला. मुंबईच्या बाई विचारत होत्या, तुमचा भाग कधी मांडता. त्यानं थोडा वेळ मागून घेतला.

त्याचं बोलणं संपेपर्यंत आई थांबली. दोन-दोन शब्दांवर तिला श्वास घ्यावा लागत होता.

“तिथला माणूस... घशात बोटं घालतो, बापा. आपल्या उष्ट्या तोंडात... किळस करत न्हाई. तुला डाक्टर होऊन... लई साल झाले. माझ्या पाठीला... कधी हात लावलास?”

पंप सुदामच पुरवत होता, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती न चुकता धाडत होता. कसा घ्यायचा तेही फोनवर सांगितलं होतं. तपासलं मात्र नव्हतं. दमा आहे हे ठाऊक असताना तपासायचं काय? त्याची नोकरी आता कागदावरच्या रोग्यांची होती. छातीला लावायची नळी घरात कुठं पडली आहे, तेही त्याला आठवेना.

बैठकीसाठी घातलेल्या कडक इस्त्रीच्या पँटीनिशी तो फलाटावर गुडघे टेकून आईच्या मागं बसला. तिचा पदर बाजूला केला आणि पाठीला कान लावला. येणारेजाणारे बघत होते. आत बारीक शिट्ट्या वाजत होत्या, वारं सुटल्यावर पत्र्याच्या फटीतून वाजतात तशा. एक विरली की दुसरी. तो बराच वेळ ऐकत राहिला.

“आत लई शिट्ट्या वाजून राहिल्या, माय.”

“रातभर ऐकते की मी,” ती म्हणाली. “एकलीच.”

मग तिनं मागं न बघताच हात पुढं केला. सुदामनं तिच्या हातात पंप दिला. तिनं तोंड उघडलं, पंप वीतभर लांब धरला आणि अत्तर उडवावं तसा जिभेवर दाबला. मग तोंड मिटून आवंढा गिळला.

“असाच घेत होतीस रोज?”

“हाव. तूच तर सांगितलंस.”

इतके महिने औषध जिभेवरच जात होतं. सुदामनं तिची हनुवटी वर उचलली, पंप तिच्या ओठांत धरला, श्वास कधी ओढायचा आणि किती धरायचा ते स्वतः करून दाखवलं. पुन्हा करवून घेतलं. पुन्हा कान लावला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. काही वेळानं तिनं न थांबता एक पुरं वाक्य उच्चारलं, आणि ते तिला शोभणारंच होतं. म्हणाली, मासा मात्र गिळणार म्हणजे गिळणारच. सुदामनं मान डोलावली.

गाडी फलाटात शिरली. लोकांनी बोचकी उचलली. रुक्मिणबाईनं पंप कमरेला खोचला आणि ती डब्याकडं निघाली. सुदामच्या खिशात मोबाइल पुन्हा वाजत होता.

दगडोबा तेवढा जागचा हलला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, सदरा मानेपर्यंत वर सरकवला आणि सुदामकडं पाठ केली.