फेस येणारच!

"मागच्या बिअरला एवढा फेस आला, की वरचा पंखा भिजला!" आजींनी व्याह्यांपुढे ग्लास ठेवला.

व्याही हसले. "आज नाही आला, तर थापा कायमच्या बंद. कबूल, विहीणबाई?"

"कबूल!"

खरं तर ही घरी केलेली पहिलीच बिअर. महिनाभर आजी बरणीला कान लावून आतले बुडबुडे ऐकत बसायच्या. आता ओतली, तर फेसाचा पत्ता नाही. वर नुसते पिवळे थेंब तरंगत होते.

"हे हो काय?"

"तेल. बुरशी येऊ नये म्हणून लोणच्यावर घालतो ना, तसं!"

"अहो, तेलानं फेस मरतो! आता थापा बंद."

आजींनी व्याह्यांपुढचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला, ओठांवरचं तेल पदरानं पुसलं.

"बंद तर बंद. तशीही मी जन्मात एकदाही थाप मारलेली नाही!"