मालकाची पावलं

बॅटरीचा कारखाना बंद पडला, पण शिसं मागच्या जमिनीत तसंच राहिलं. मालकाने ते वर्षानुवर्षं तिथेच ओतलं होतं. भट्टीवर राबणारा त्याचा थोरला भाऊ त्याच शिशाने झिजून मेला, तेव्हा मालकाने बेधडक दारूचं नाव पुढे केलं.

आता त्या भावाची बायको तिथे रोजाने सूर्यफुलं लावते. रोपांना ती बुरशी मिसळलेली माती देते. बुरशी शिसं हुडकत जाते आणि सूर्यफूल ते वर ओढून घेतं.

मालक सकाळी पाहणीला यायचा. एके दिवशी तिला दिसलं, की बुरशी रोपांपाशी नाहीच. ती पांढरीशुभ्र उगवली होती दिराच्या पावलांच्या ठशांत, आणि फक्त त्याच्याच.

"बुटाला काहीतरी लागलं असेल, वहिनी," तो हसला. "नवे घेतो."

"घ्या की. तुम्हाला काय कमी आहे?"

नवे बूट झाले, मग तो अनवाणी येऊन पाहू लागला. ठसे पांढरे होतच राहिले. आज तर तो उभा असतानाच पायाखालची माती पांढरी झाली.

"दादा दारूनेच गेला हो, वहिनी," तो एकदम म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी कुठे काय म्हणाले, भाऊजी?"

ती खाली बसली आणि रोपाला दाबतात तशी त्याच्या पावलांभोवती माती दाबू लागली. त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला. बोटांच्या बेचक्यातून काहीतरी गार, मऊ, बारीक आत शिरत होतं.

"हलू नका," ती मायेने म्हणाली. "मुळं तुटतील."