भुतांचं तळं

"आई, वाच ना! म्हातारा नावाडी आला का वर?"

आईचं बोट ओळीवर अडलं. पुस्तकातला नावाडी भुतांच्या तळ्यात बुडाला तो बुडालाच. तिचे बाबा वाचायचे तेव्हा तो दरवेळी खोकत, शिंकत नावेत चढायचा. बाबा गेल्यावर आज पहिल्यांदाच पुस्तक तिच्या हाती आलं होतं. तिनं भराभर पुढची पानं उलटली. तो कुठेच नव्हता.

"आजोबांच्या गोष्टीत यायचा," लेकीनं तिची बाही ओढली.

"हो. आजोबा आणायचे त्याला."

"मग नावेतली मुलगी आता कशी जाणार पलीकडे?"

ती पुन्हा त्याच पानावर आली. पुढची ओळ बाबांनी कधीच वाचून दाखवली नव्हती. तिनं घसा खाकरला आणि वाचली.

"मग मुलीनंच वल्हं उचललं."