चित्र जरा खालीच

नानांच्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीला ओलीनं लोणा लागायचा. खरवडा, पुट्टी भरा, रंग द्या. चार दिवस भिंत गप्प बसायची आणि मग पुन्हा पांढरी पूड, पुन्हा पोपडे, ये रे माझ्या मागल्या! शेवटी नानांनी उपायांचा नाद सोडला, गुडघ्याएवढ्या उंचीवर खिळा ठोकला आणि डागावर डोंगर-नदीचं एक आडवं, लांबलचक चित्र टांगून दिलं.

"चित्र इतकं खाली?" पाहुणे विचारायचे.

"लहान मुलांनाही दिसायला हवं ना!" नाना सांगायचे, आणि पाहुणे कौतुकानं मान डोलवायचे.

पुढे चित्र काढून, ताजा रंग मारून नानांनी ते घर एका भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलं. "लोक डोळे मिटून घर घेतात गं," असं बायकोला ऐकवत स्वतः मात्र त्यांनी नव्या घराच्या भिंती बोटांनी वाजवून, नाक लावून तपासल्या. वास येत होता तो फक्त कोऱ्या रंगाचा.

"मालक टापटिपीचा दिसतोय. जाता जाता रंग देऊन गेला बिचारा!" नाना खूश झाले.

सामान लागलं. बायको खाली बसून भिंत पुसत होती, तेवढ्यात तिचं फडकं कशाला तरी अडकलं.

"अहो, इथे रंगाखाली खिळा आहे."

"असू दे की. आपलं चित्र लावू त्याला."

 

"तेच म्हणतेय मी. गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे तो."